पहिला नंबर लागला, पण गडी खेळलाच नाही

गेल्या अंकात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मोठ्या लीगच्या, नव्या पोरांबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की तिकडच्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये ज्याचा पहिला नंबर लागला तो लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. झालं, पत्रं सुरू. निम्म्या लोकांना ती थाप वाटली, निम्म्यांना ड्राफ्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं आणि एका ताईंनी तर मला सरळ फेकू म्हटलंय. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच एका विषयावर, क्रिकेटवाल्यांनी जरा कळ काढा.

प्रश्न: मी बँकेत नोकरी केली, आम्हाला ड्राफ्ट म्हटलं की डिमांड ड्राफ्ट. हे खेळाडूंचं ड्राफ्ट प्रकरण नक्की काय आहे? (सातारा)

काका, तुम्ही लहानपणी खेळलायत हे, फक्त नाव वेगळं होतं. ग्राउंडवर दोन कॅप्टन उभे राहायचे, समोर सगळी पोरं, आणि आळीपाळीने एकेक भिडू मागून घ्यायचा. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर तर कोण कितवा मागितला जातो यावर त्याची आठवडाभराची इज्जत ठरायची आणि मी बहुतेक वेळा शेवटून दुसरा, माझ्यानंतर फक्त कच्चा लिंबू. ड्राफ्ट म्हणजे हेच, फक्त कॅप्टनच्या जागी टीमचे मालक आणि पोरांच्या जागी, त्या काळी तरी, त्या वर्षी कॉलेज संपवणारे खेळाडू. फरक एवढाच की ग्राउंडवर ज्याला मागितलं तो समोर उभा असायचा. इथे पोरगा पाचशे मैल लांब असायचा, त्याला विचारलेलं नसायचं, आणि एकदा एका टीमने त्याचं नाव घेतलं की त्या लीगमधली दुसरी कुठलीही टीम त्याच्याशी बोलू शकत नाही. खेळायचंय? मग याच मालकाकडे. नसेल तर घरी बस किंवा दुसरी लीग शोध.

आणि मागायचा क्रम तेव्हा उलटा असायचा. जी टीम मागच्या सीझनला सगळ्यात खाली, ती सगळ्यात आधी मागायची.

प्रश्न: पहिला नंबर लागला आणि खेळला नाही? कसं शक्य आहे? नाव सांगा, नाहीतर फेकलं म्हणून कबूल करा. (पिंपरी)

ताई, नाव क्लिफ्टन मॅकनीली. टेक्सस वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजचा पोरगा. घ्या, आता सगळंच सांगतो.

१९४६ च्या जूनमध्ये अमेरिकेत बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका म्हणजे बीएए नावाची लीग निघाली, हीच पुढे एनबीए झाली. काढणारे बास्केटबॉलवाले नव्हतेच, ते मोठमोठ्या इनडोअर स्टेडियमचे मालक, आइस हॉकीच्या मॅचेस नसतात त्या रात्री हॉल रिकामा पडतो, मग तिथे काहीतरी लावून चार तिकिटं विकू असा साधा दुकानदारी हिशोब. पहिल्या सीझनला ११ टीम. त्यातली पिट्सबर्ग आयर्नमेन नावाची टीम १५ जिंकली आणि ४५ हरली, म्हणजे सगळ्यात खाली. मग १ जुलै १९४७ ला लीगचा पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा नियमाप्रमाणे पहिला भिडू मागायचा मान पिट्सबर्गचा, आणि त्यांनी मॅकनीलीला मागितलं.

आता गंमत बघा. मागून झालं आणि नवा सीझन सुरू व्हायच्या आत पिट्सबर्गची टीमच बंद पडली. म्हणजे नवरा मुलगी पसंत करून गेला आणि वऱ्हाड निघायच्या आधी नवऱ्याचंच घर उठलं. मॅकनीलीने पण काही दुसरीकडे धावपळ केली नाही, तो टेक्ससमध्ये पँपा नावाच्या गावात हायस्कूलच्या पोरांना शिकवायला लागला आणि कोच म्हणून त्याने शाळेला चार वेळा राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. मला तरी हा माणूस हरला असं वाटत नाही, पण ते असो, तुमचा प्रश्न तो नव्हता.

दुसरा नंबर ग्लेन सेल्बोचा, टीम टोरंटो. तीही बंद. चौथा नंबर वॉल्ट ड्रोपो, त्याला प्रॉव्हिडन्सने मागितलं, तो गेला बेसबॉलकडे आणि १९५० साली बोस्टन रेड सॉक्सकडून खेळून अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. शिकागोने मागितलेला जिम पोलार्ड सरळ बीएएच्या स्पर्धेतल्या दुसऱ्या लीगमध्ये मिनियापोलिसकडे गेला आणि पुढे तिथे मोठा झाला. दहा राउंडमध्ये एकूण ८० पोरांची नावं घेतली गेली, त्यातली बरीचशी पुन्हा लीगच्या कागदावर दिसत नाहीत. त्या काळी हे काही स्वप्नबिप्न नव्हतं हो. पहिल्या सीझनला अख्ख्या टीमच्या पगाराची मर्यादा ५५,००० डॉलर होती, सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून. एखाद्याला गावात शाळामास्तरची किंवा विम्याची बरी नोकरी मिळत असेल तर तो रेल्वेने शहरोशहरी फिरून अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये कशाला खेळेल?

आणि हे फक्त बास्केटबॉलचं नशीब नाही. अमेरिकन फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट १९३६ ला झाला, तिथे पहिला नंबर जे बरवँगरचा, तोही प्रोफेशनल मॅच एकही खेळला नाही.

तर ताई, फेकू शब्द मागे घ्या.

प्रश्न: सरळ आयपीएलसारखा लिलाव का नाही करत? ज्याची लायकी जास्त त्याला जास्त पैसे. (औरंगाबाद, सध्या बेंगळुरू)

तुम्हीच उत्तर दिलंत की. लिलावात पैसे वाढतात म्हणूनच मालकांना तो नको होता. त्या वेळी बीएएच्या समोर नॅशनल बास्केटबॉल लीग उभी होती, छोट्या छोट्या गावांतल्या टीम पण खेळाडू तगडे, आणि दोन्हीकडून एकाच कॉलेजच्या पोराला बोली लागायला लागली तर दोन वर्षांत सगळ्यांचंच दुकान बुडणार. आपल्या लीगमध्ये तरी आपसात बोली नको, म्हणून ड्राफ्ट. कमकुवत टीमला चांगला भिडू मिळून लीग रंगते हेही खरंच, ते कारण चारचौघांत सांगायला बरं पडतं, पण हिशोबाची वही उघडली तर पहिलं कारण पोराने दोन मालकांमध्ये घासाघीस करू नये हेच होतं. माझं मत आहे, पटलं नाही तर लिहा.

आपल्याकडेही ड्राफ्ट झालाय बरं का, लोक विसरले. २००८ ला पहिल्या आयपीएलच्या वेळी मोठ्यांचा लिलाव झाला पण अंडर-नाइंटीन वर्ल्ड कप जिंकून आलेल्या पोरांना लिलावात न ठेवता ड्राफ्ट करून वाटलं. पहिला मान दिल्लीचा. समोर त्यांच्याच शहराचा कॅप्टन, विराट कोहली. दिल्लीने मागितलं प्रदीप सांगवानला, कारण बॅट्समन त्यांच्याकडे ढीगभर होते आणि बॉलर हवा होता. कोहली बंगलोरला गेला. त्या दिवशी तो निर्णय वेडेपणाचा नव्हता हे लक्षात ठेवा, आज सगळेच शहाणे असतात.

प्रश्न: त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एक जपानी खेळाडू होता असं ऐकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच अमेरिकेत जपानी? (कोल्हापूर)

होता, आणि मला विचाराल तर त्या ८० नावांतलं माझं सगळ्यात आवडतं नाव हेच. फक्त दुरुस्ती एक, तो जपानी नव्हता, अमेरिकनच होता, आईबाप जपानहून आलेले. वातारू मिसाका, सगळे वॅट म्हणायचे. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावात १९२३ चा जन्म, वडिलांचं न्हाव्याचं दुकान, ते लवकर गेले. उंची पाच फूट सात इंच. हो, बास्केटबॉलमध्ये. आपल्या एसटी कंडक्टरएवढी.

हे पोरगं युटा युनिव्हर्सिटीकडून खेळत होतं आणि त्याच वेळी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकन सरकारने घरदार सोडायला लावून छावण्यांमध्ये डांबलं होतं. युटा त्या पट्ट्याच्या बाहेर होतं म्हणून मिसाका वाचला, पण छावणी त्याच राज्यात होती, टोपाझ नावाची. म्हणजे एकीकडे याच्या नावाने टाळ्या आणि तिकडे तारेच्या कुंपणामागे याच्यासारख्याच चेहऱ्याची माणसं. १९४४ ला त्यांनी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डार्टमथला ४२-४० असं हरवून कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि हा घरी आला तर आईच्या हातात लष्कराचं बोलावणं. इंग्रजीत सक्तीच्या सैन्यभरतीलाही ड्राफ्टच म्हणतात, म्हणजे याचा पहिला ड्राफ्ट तो. सैन्याने जपानला पाठवलं, तिथे हिरोशिमात बॉम्बमधून वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेण्याचं काम. विचार करा, चेहरा त्यांचा, युनिफॉर्म अमेरिकेचा आणि प्रश्न काय, तर बॉम्ब पडला तेव्हा तुम्ही कुठे होता.

परत येऊन पुन्हा कॉलेज, पुन्हा टीम. १९४७ ला एनआयटी या कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल, पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर केंटकी. केंटकीचा राल्फ बेअर्ड म्हणजे त्या काळचा स्टार, आणि मिसाकाने त्याला असा चिकटून धरला की बेअर्डला पूर्ण मॅचमध्ये एक पॉइंट मिळाला. एक. युटा ४९-४५ जिंकलं. न्यूयॉर्कचं पब्लिक या बुटक्या पोरावर फिदा, आणि थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्क निक्सने त्याला ड्राफ्टमध्ये मागून घेतलं. म्हणजे आज ज्याला आपण एनबीए म्हणतो त्या लीगमध्ये गोऱ्यांव्यतिरिक्त खेळलेला पहिला माणूस.

पुढे काय? तीन मॅच, सात पॉइंट आणि सीझनच्या सुरुवातीलाच नारळ. वंशामुळे काढलं का? तो स्वतः उगाच कुणावर आळ घेत फिरला नाही, टीममध्ये गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे खेळाडू, जास्त झाले होते एवढं कारण धरून चालला. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या काळ्या खेळाडूंच्या, गावोगाव शो करणाऱ्या टीमकडून विचारणा झाली तीही नाकारली, युटाला जाऊन इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि आयुष्यभर इंजिनिअर म्हणून नोकरी केली. २०१९ ला गेला, ९५ वर्षांचा होऊन. लोकांना त्याची पुन्हा आठवण यायला मधे पन्नासेक वर्षं गेली.

प्रश्न: जॉर्ज मायकन कितव्या नंबरवर ड्राफ्ट झाला होता? क्विझमध्ये वाद झालाय. (सोलापूर)

वाद मिटवा, त्या जमान्यातला हा सगळ्यात मोठा खेळाडू कॉलेज ड्राफ्टमधून आलाच नाही. तो त्या नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये शिकागोच्या टीमला होता, १९४७ ला ती टीम बंद पडली तेव्हा तिचे खेळाडू बाकीच्यांत वाटले. मिनियापोलिसवाल्यांनी नुकतीच डेट्रॉईटची ४ जिंकून ४० हरलेली टीम विकत घेतली होती, कागदावर ते सगळ्यात कच्चे म्हणून पहिला हात त्यांचा, त्यांनी मायकन उचलला. भंगारात घेतलेल्या कपाटात दागिने सापडावेत तसं.

प्रश्न: बॉब कूझीचं नाव टोपीतून चिठ्ठी काढून ठरलं हे खरं का? (डोंबिवली)

अगदी खरं. आणि चिठ्ठीच्या आधीचा भाग जास्त मजेशीर आहे.

१९५० चा ड्राफ्ट. लीगचं नाव आता एनबीए झालेलं, कारण १९४९ ला दोन्ही लीग एक झाल्या. कूझी होली क्रॉस कॉलेजचा, ते वूस्टरला, बोस्टनच्या अगदी जवळ, म्हणजे आपल्या हिशोबाने ठाण्याचं पोरगं मुंबईच्या टीमला. बोस्टनचं सगळं पब्लिक म्हणतंय याला घ्या, पेपरवाले म्हणतायत याला घ्या, आणि पहिलं नाव घ्यायची संधी पण बोस्टनकडेच. त्यांनी घेतला चार्ली शेअर, जवळजवळ सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ उभा राहणारा उंच गडी. उंची शिकवता येत नाही हा विचार, चुकीचाही म्हणता येणार नाही. पण शेअर बोस्टनकडून एकही मॅच खेळला नाही.

कूझीला मागितलं ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सने. ट्राय-सिटीज म्हणजे मिसिसिपी नदीकाठची तीन लहान गावं मिळून एक टीम. कूझी वूस्टरला ड्रायव्हिंग स्कूल काढायच्या नादात होता, त्याला तिकडे जायचंच नव्हतं, त्याने मालक बेन कर्नरकडे १०,००० डॉलर मागितले, कर्नर म्हणाला ६,०००. बोलणी फिसकटली. कर्नरने त्याला शिकागो स्टॅग्सकडे देऊन टाकलं. आणि शिकागो स्टॅग्स बंद पडली! या गोष्टीत टीम बंद पडल्याशिवाय काही पुढेच जात नाही बघा.

आता शिकागोचे तीन गार्ड उरले: मॅक्स झस्लॉफ्स्की, अँडी फिलिप आणि हा कूझी. घेणाऱ्या टीमपण तीन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बोस्टन. तिघांनाही पाहिजे होता झस्लॉफ्स्की, कारण तो पॉइंट काढण्यात एक नंबर. फिलिपही चालला असता, तो जमलेला खेळाडू, १९४७ च्या त्या पहिल्या ड्राफ्टमधलाच. कूझी? नवखा, ड्रिबल पाठीमागून करणारा, जरा शायनर टाइप. भांडण मिटेना म्हणून तीन चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. न्यूयॉर्कला झस्लॉफ्स्की, फिलाडेल्फियाला फिलिप. बोस्टनचा मालक वॉल्टर ब्राऊन, त्याच्या हाती राहिला कूझी आणि त्याचा चेहरा पडला.

त्या पडलेल्या चेहऱ्याच्या बदल्यात बोस्टनला काय मिळालं तर सलग आठ सीझन लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट (म्हणजे दुसऱ्याला पॉइंट काढून देणारे पास), १९५७ चा सर्वोत्तम खेळाडू आणि सहा विजेतेपदं. तो चार्ली शेअर पण वाया गेला नाही, त्याचे हक्क फोर्ट वेनला देऊन बोस्टनने बिल शारमन आणला, आणि शारमन-कूझी ही जोडी पुढे गाजली. म्हणजे सगळे निर्णय चुकून सगळं बरोबर.

प्रश्न: कूझी जवळचाच होता तर लोकल खेळाडूला प्राधान्य असा काही नियम नव्हता का? (नागपूर)

होता! टेरिटोरियल पिक म्हणायचे, १९४९ ते १९६५ पर्यंत चालला. आपला पहिल्या राउंडचा हक्क सोडायचा आणि त्याबदल्यात स्टेडियमपासून ५० मैलांच्या आतल्या कॉलेजचा पोरगा ड्राफ्टच्या आधीच उचलायचा. कारण उघड आहे, कॉलेजात ज्याला बघायला गर्दी व्हायची तोच पुढे तिकिटं खपवणार. बोस्टनने कूझीसाठी तो वापरला नाही एवढंच.

यात फिलाडेल्फियाचा मालक एडी गॉटलीबने केलेली करामत तर आपल्या तलाठ्याला लाजवेल. विल्ट चेंबरलेन, त्या वेळचा मोठा कॉलेज स्टार, शिकला कॅन्ससला, फिलाडेल्फियापासून हजार मैलांवर. गॉटलीब म्हणाला कॅन्ससजवळ कुठली टीमच नाही, कुणाचा हक्क मारला जात नाही, आणि पोरगा शाळेत तर आमच्याच गावात होता. मान्य झालं! १९५९ ला चेंबरलेन फिलाडेल्फियाकडे.

प्रश्न: काळ्या खेळाडूंना ड्राफ्टमध्ये कधी घेतलं? (पुणे)

१९५० ला, म्हणजे कूझीच्याच ड्राफ्टमध्ये. कूझीला सोडणाऱ्या बोस्टनने दुसऱ्या राउंडमध्ये ड्यूकेनच्या चक कूपरचं नाव घेतलं, हे वॉल्टर ब्राऊनच्या खात्यात जमा करा. त्याच ड्राफ्टमध्ये नवव्या राउंडला वॉशिंग्टनने अर्ल लॉईडला घेतलं. ग्लोबट्रॉटर्सचा मालक एब सेपरस्टीन भडकला, कारण तोवर चांगले काळे खेळाडू म्हणजे जणू त्याचीच मक्तेदारी. प्रत्यक्ष मैदानात आधी उतरला लॉईड, ३१ ऑक्टोबर १९५० ला, केवळ वेळापत्रकात त्याच्या टीमची मॅच कूपरच्या एक दिवस आधी होती म्हणून. आणि सात मॅच झाल्यावर त्यालाही तो दुसरा ड्राफ्ट आला, सैन्याचा. तो परत यायच्या आत वॉशिंग्टनची टीम, ओळखलंत, बंद.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, उंची ६ फूट १ इंच, बास्केटबॉल चांगला खेळतो. ड्राफ्टसाठी फॉर्म कधी निघतात आणि कुठे भरायचा? (नाशिक)

ताई, तुमचं पत्र वाचून हसलो नाही, शप्पथ. पण असा सीईटीसारखा फॉर्म नसतो. अमेरिकेबाहेरचा खेळाडू २२ वर्षांचा होतो त्या वर्षी आपोआप पात्र धरतात, त्याआधी जायचं तर आपण होऊन नाव द्यायचं, आणि तेही ज्या वर्षी तो १९ चा होतो त्या वर्षापासून. नाव दिलं म्हणजे कुणी मागेलच असं नाही. दरवर्षी जगभरातून साधारण ६० पोरं.

आपल्या देशातून तिथे नाव लागलं ते पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगचं, २०१५ ला, डॅलसने ५२ व्या नंबरवर. सात फूट दोन इंच. आणि मॅकनीलीसारखंच, एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही, नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये गेला.

तेव्हा दहावीचा अभ्यास चालू राहू द्या, तिकडच्या कॉलेजची स्कॉलरशिप देताना मार्कही बघतात. आणि एक करा, पोराला न सांगता एखाद्या संध्याकाळी ग्राउंडवर जाऊन कुंपणाबाहेर उभ्या राहा. डाव्या हाताने लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट) टाकतो का ते बघा, आणि भिडू वाटताना मोठी पोरं त्याला कितवा मागतात ते मोजा. पहिल्या दोनात असेल तर मला परत पत्र टाका, मग बोलू.